संकेतस्थळांच्या विश्वसनीयतेचे शिक्षण

महाजालावरील एखादे संकेतस्थळ कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या आधारावर चालविले आहे, याचा शोध घेऊन त्यावरील माहिती कितपत स्वीकारार्ह आहे हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. ग्रंथालयशास्त्र, इतिहासाचे अध्यापन, वृत्तव्यवसाय व शैक्षणिक मानसशास्त्र या चार क्षेत्रांतील विचारांच्या संगमातून ते विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आले. छापील ग्रंथ वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी लेखक, संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल अशा अनेकांच्या नजरेखालून जातो. या चाळणीतूनही चुका व असत्ये निसटतात. तथापि त्यांबद्दल कोणाला जबाबदार धरावयाचे, हे बहुधा ठाऊक असते. संकेतस्थळाच्या बाबतीत अशी चाळणी असतेच असे नाही. थोड्या खर्चात व अल्पावधीत कोणासही ते उभारता येते आणि बाह्य रूपावरून विद्यापीठाचे पृष्ठ व ठकाचे पृष्ठ यांतील भेद कळत नाही. परिणामी जे काम पूर्वी संपादक व ग्रंथपाल करीत, ते आता बारा-तेरा वर्षांच्या वाचकावर येऊन पडले आहे. ते त्याला कसे शिकवावे, याविषयीच्या प्रयत्नांचा, त्यांतील एका मोठ्या चुकीचा व तिच्या दुरुस्तीचा हा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : लिखित मजकुराची परीक्षा करण्याची विद्या जुनी आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटीनने पश्चिमेकडील सत्ता पोपला दान केल्याचे सांगणारा एक लेख मध्ययुगात प्रमाण मानला जात असे. इटालियन पंडित लोरेंझो व्हाल्ला (१४०७–५७) याने १४४० मध्ये त्यातील लॅटिन भाषा चौथ्या शतकातील असूच शकत नाही, असे दाखवून तो लेख बनावट असल्याचे सिद्ध केले. फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू झां माबीयाँ (१६३२–१७०७) याने १६८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हस्ताक्षर, मुद्रा, कालनिर्देशाची पद्धती इत्यादींवरून जुन्या सनदांची सत्यता पारखण्याचे नियम घालून दिले. एकोणिसाव्या शतकात लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) याने बर्लिन विद्यापीठात निवडक विद्यार्थ्यांकडून मूळ साधनांचे परीक्षण करवून घेण्याची प्रथा पाडली आणि साधनचिकित्सा ही शिकविण्याची गोष्ट बनली. शार्ल लांग्ल्वा व शार्ल सेन्योबो या फ्रेंच इतिहासकारांनी १८९८ मध्ये लिहिलेल्या पाठ्यग्रंथात या चिकित्सेचे बाह्य व आंतर असे दोन भाग स्पष्ट केले : साधन कोणाचे, केव्हाचे व अस्सल आहे काय, हे बाह्य चिकित्सा पाहते, त्यातील विधान खरे असण्याचा संभव किती, हे आंतर चिकित्सा पाहते.

योगायोग असा, की त्याच वर्षी वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत राजवाडे यांनी बखरींतील कालविपर्यास व विसंगती दाखवून समकालीन अस्सल पत्रे हाच इतिहासाचा मुख्य आधार मानला पाहिजे, असे प्रतिपादन केले. पुणे येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ही शिस्त महाराष्ट्रात रुजविली. घटनेनंतर अनेक वर्षांनी ऐकीव माहितीवरून रचलेली बखर आणि घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र यांतील भेद ज्या वाचकास उमगला, त्यास महाजालावरील पुनःपुन्हा नकललेला मजकूर व त्याचे मूळ यांतील भेद समजणे अवघड जात नाही.

शालेय विद्यार्थ्यांसाठी असे शिक्षण व्यापक प्रमाणावर प्रथम योजिले गेले ते अमेरिकेत, दोन महायुद्धांच्या दरम्यान. वृत्तपत्रे, चित्रपट व विशेषतः नभोवाणी यांवरून होणाऱ्या प्रचाराची चिंता वाढल्याने १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रॉपगँडा ॲनॅलिसिस’ ही संस्था स्थापन झाली. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची एक यादी तयार केली. प्रतिपक्षास दूषणे देणे, गोड व मोघम शब्द वापरणे, मान्यवरांची साक्ष काढणे, सर्वजण ज्या बाजूला आहेत तिकडे चला असे सांगणे इत्यादींचा तीत समावेश होता आणि ती अनेक शाळांतून शिकविली गेली. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर १९४२ मध्ये संस्थेचे काम थांबले. सर्वच मतप्रतिपादनाकडे संशयाने पाहण्याची सवय मुलांना लागेल, असा आक्षेप तिच्यावर त्या काळीच घेण्यात आला होता. हाच आक्षेप आठ दशकांनंतर नव्या संदर्भात पुन्हा उपस्थित झाला.

महाजालाचा प्रसार व पहिले धक्के : टिम बर्नर्स-ली (१९५५–    ) याने जिनीव्हानजीकच्या सर्न या भौतिकीय संशोधनसंस्थेत विश्वव्यापी जालाची कल्पना १९८९ मध्ये मांडली. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सुरू झाले व ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. चित्रे दाखविणारे सुलभ न्याहाळक त्याच सुमारास उपलब्ध झाल्याने अमेरिकेतील शाळा व ग्रंथालये महाजालाशी झपाट्याने जोडली गेली. भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली.

धोक्याची जाणीव करून देणारी उदाहरणे लवकरच पुढे आली. अमेरिकी शिक्षणतज्ञ ॲलन नोव्हेंबर याने १९९८ मध्ये एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याची हकीकत लिहिली. या मुलाने ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही, असे प्रतिपादन करणारा निबंध शाळेसाठी लिहिला होता. त्याचा आधार एका नामवंत विद्यापीठाच्या पत्त्यावरील पृष्ठ हा होता. पृष्ठाचा लेखक त्या विद्यापीठाचा प्राध्यापक होता, हेही खरे होते. परंतु तो विद्युत् अभियांत्रिकीचा प्राध्यापक होता व इतिहासाशी त्याच्या अध्यापनाचा संबंध नव्हता. विद्यापीठाने आपल्या अध्यापकांना दिलेल्या जागेवर त्याने आपली व्यक्तिगत मते मांडली होती. मुलाने शिकविल्याप्रमाणे लेखक, पद व पत्ता या तिन्ही गोष्टी पाहिल्या होत्या आणि तरीही तो फसला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने १९९९ पासून चालविले गेलेले एक संकेतस्थळ वस्तुतः गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांचे होते आणि शाळकरी मुलांनी किंग यांच्याविषयीच्या अभ्यासासाठी ते पाहावे, अशीच त्याची रचना होती.

१९९८ मध्येच ‘झाडावर राहणारा ऑक्टोपस’ या काल्पनिक प्राण्याविषयी एक विनोदी संकेतस्थळ निघाले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील अरण्यात हा प्राणी राहतो व तो नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, अशी माहिती तेथे गंभीर शास्त्रीय शैलीत दिली होती. कनेटिकट विद्यापीठातील डोनाल्ड लू व त्याचे सहकारी यांनी वाचनात प्रवीण अशा सातवीच्या विद्यार्थ्यांना ते दाखविले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते विश्वसनीय मानले. वाचन उत्तम येणे व वाचलेल्याची पारख करणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, हे या प्रयोगाने ठसठशीतपणे पुढे आणले.

कसोट्यांच्या याद्या : या परिस्थितीस पहिला प्रतिसाद ग्रंथपालांनी दिला. पेनसिल्व्हेनियातील वाइडनर विद्यापीठाच्या ग्रंथालयातील जॅन अलेक्झांडर व मार्शा टेट यांनी छापील ग्रंथांची निवड करताना वापरल्या जाणाऱ्या पाच कसोट्या संकेतस्थळांना लागू केल्या : अधिकार, अचूकता, वस्तुनिष्ठता, अद्ययावतता व व्याप्ती. त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको येथील ग्रंथालयातील सेरा ब्लेकस्ली हिने २००४ मध्ये अद्ययावतता, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता व हेतू अशा पाच शीर्षकांखाली प्रश्न मांडले. या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘क्रॅप कसोटी’ असे स्मरणसुलभ व काहीसे खट्याळ नाव मिळाले. इंग्रजी भाषिक देशांतील महाविद्यालयांत ती अल्पावधीत रूढ झाली.

या याद्यांचे गुण स्पष्ट होते. त्या सुटसुटीत होत्या, एका तासात शिकविता येत होत्या आणि प्रश्न विचारण्याची सवय लावीत होत्या. त्यांतील दोष मात्र लक्षात येण्यास दीड दशक लागले. ग्रंथपाल ज्या ग्रंथाला या कसोट्या लावीत असे, तो प्रकाशकाच्या चाळणीतून आधीच गेलेला असे. चांगल्यांतून अधिक चांगले निवडणे एवढेच काम उरलेले असे. महाजालावर मुळात भले-बुरे वेगळे करावयाचे असते. शिवाय यादीतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच संकेतस्थळावर शोधावयाची होती. लेखकाचे नाव आहे काय, संपर्काचा पत्ता आहे काय, संदर्भ दिले आहेत काय, शुद्धलेखन नीट आहे काय, दिनांक अलीकडचा आहे काय, जाहिराती आहेत काय—या सर्व गोष्टी संकेतस्थळाच्या चालकाच्या हातात असतात. फसविण्याचा ज्याचा हेतू आहे, तो त्या अधिकच काळजीने सजवितो. आरोपीच्या वर्तनाची चौकशी खुद्द आरोपीकडेच करावी, तसा हा प्रकार होता.

पत्त्यावरून पारख करण्याचे ठोकताळेही असेच फोल ठरले. पत्त्याच्या अखेरीस ‘ऑर्ग’ असल्यास ते संकेतस्थळ सेवाभावी संस्थेचे मानावे, असे अनेक वर्षे शिकविले गेले. प्रत्यक्षात हे नाव शुल्क भरणाऱ्या कोणासही मिळते. न्याहाळकातील कुलुपाचे चिन्ह दिसल्यास संकेतस्थळ सुरक्षित समजावे, हाही असाच समज. वाचक व संकेतस्थळ यांमधील देवघेव मधल्या मध्ये कोणास वाचता येणार नाही, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ होता. पलीकडे बसलेला मनुष्य सचोटीचा आहे, असे ते सांगत नव्हते. यासाठी लागणारी प्रमाणपत्रे २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य मिळू लागल्यावर फसवी संकेतस्थळेही सर्रास कुलूप मिरवू लागली. या गैरसमजामुळेच क्रोम या न्याहाळकातून २०२३ मध्ये हे चिन्ह काढून टाकण्यात आले.

स्टॅनफर्डची संशोधने : या क्षेत्रास निर्णायक वळण मिळाले ते इतिहासाच्या अध्यापनाविषयीच्या संशोधनातून. अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ सॅम वाइनबर्ग याने १९९१ मध्ये आठ इतिहासकार व आठ शालेय विद्यार्थी यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाविषयीची तीच कागदपत्रे वाचावयास दिली होती. विद्यार्थी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचीत. इतिहासकार आधी तळाशी पाहून कागद कोणाचा व केव्हाचा, हे जाणून घेत व मग मजकुराकडे वळत. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइनबर्ग याने स्थापन केलेल्या इतिहासशिक्षण गटाने हीच दृष्टी महाजालाकडे वळविली.

जानेवारी २०१५ ते जून २०१६ या काळात या गटाने बारा राज्यांतील विद्यार्थ्यांकडून ७,८०४ उत्तरे मिळविली. त्यांचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या लगोलग, प्रसिद्ध झाला व जगभर चर्चिला गेला. ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात माध्यमिक शाळांतील ८०% हून अधिक विद्यार्थ्यांनी बातमी मानली. दुसऱ्या एका प्रश्नात विकृत आकाराच्या डेझी फुलांचे छायाचित्र दाखविण्यात आले. ही फुले जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताचा परिणाम होत, असे त्याखाली लिहिले होते. छायाचित्र कोणी व कोठे काढले, याचा काहीच उल्लेख नसताना सु. ४०% विद्यार्थ्यांनी तो सबळ पुरावा असल्याचे सांगितले. २०१८-१९ मध्ये ३,४४६ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. मतपेट्यांत खोटी मते कोंबली जात असल्याची एक अस्पष्ट चित्रफीत अमेरिकेतील मतदानातील गैरप्रकाराचा सबळ पुरावा होय, असे ५२% विद्यार्थ्यांनी मानले. ती चित्रफीत वस्तुतः रशियातील होती. महाजाल समोर खुले असूनही तिचे मूळ शोधून काढणारे विद्यार्थी फक्त तीन निघाले.

चांगले वाचक प्रत्यक्षात काय करतात, हे पाहण्यासाठी वाइनबर्ग व सेरा मॅग्रू यांनी आणखी एक अभ्यास हाती घेतला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्राथमिक स्वरूपात व २०१९ मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाले. इतिहासातील दहा विद्यावाचस्पती, वृत्तसंस्थांत माहितीची पडताळणी करणारे दहा व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी अशा ४५ जणांना त्यांनी काही संकेतस्थळे पारखावयास सांगितली. त्यांत बालरोगतज्ञांच्या दोन संघटनांची पृष्ठे होती. पहिली १९३० मध्ये स्थापन झालेली व साठ हजारांहून अधिक सदस्य असलेली मान्यवर संस्था. दुसरी, समलिंगी जोडप्यांनी मुले दत्तक घेण्याच्या प्रश्नावरील मतभेदातून २००२ मध्ये तीतून फुटून निघालेला अगदी लहान गट. दोघांची नावे सारखी व पृष्ठे सारखीच नीटनेटकी होती. पडताळणी करणाऱ्या सर्वांनी पहिली संस्था अधिक विश्वसनीय असल्याचा निर्णय थोड्या वेळात दिला. इतिहासकारांपैकी अनेकजण घुटमळले, तर बहुसंख्य विद्यार्थी दुसरीच्या बाजूने गेले.

या निष्कर्षाने अनेकांना विस्मय वाटला. कागदपत्रे पारखण्यात ज्यांचा हातखंडा, तेच येथे चुकले होते. कारण मात्र सरळ होते. इतिहासकार व विद्यार्थी संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत वाचीत, त्याचे बोधचिन्ह, मांडणी, संदर्भ व ‘आमच्याविषयी’ हे पृष्ठ बारकाईने तपाशीत. पडताळणी करणारे मात्र अनोळखी संकेतस्थळावर येताच जवळजवळ लगेच तेथून बाहेर पडत. नवी पृष्ठे उघडून त्या संस्थेविषयी इतरांनी काय म्हटले आहे, तिला पैसा कोण पुरवितो, तिच्यामागे कोण आहे, हे पाहत व मगच मूळ पृष्ठाकडे परतत. पहिल्या पद्धतीस ‘उभे वाचन’ व दुसरीस ‘आडवे वाचन’ अशी नावे रूढ झाली आहेत. शोधयंत्राने दिलेल्या यादीतील पहिल्याच दुव्यावर न जाता ती यादी आधी न्याहाळण्याचा संयमही पडताळणी करणाऱ्यांत आढळला. विकिपीडियाचाही ते मोकळेपणाने, परंतु अखेरचा शब्द म्हणून नव्हे तर पुढच्या साधनांकडे नेणारी वाट म्हणून, उपयोग करीत. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कोशास हात लावू नका, असे बजावणाऱ्या शिक्षकांना हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता.

वस्तुतः आडवे वाचन हे जुन्या साधनचिकित्सेस सोडून नाही. एका कागदाची परीक्षा दुसऱ्या स्वतंत्र कागदाने करावी, हे तिचे तत्त्वच आहे. बदलले ते परिस्थितीचे गणित. दप्तरखान्यातील कागद मोजके असतात व त्यांतील प्रत्येक मन लावून वाचण्याजोगा असतो. महाजालावर कागदांना अंत नाही व वाचकाचे लक्ष हीच दुर्मिळ वस्तू होय. म्हणून काय वाचावयाचे नाही, हे लवकर ठरविता येणे, ही येथील पहिली विद्या ठरते.

नव्या पद्धती व त्यांची परीक्षा : माइक कॉलफील्ड याने विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये पडताळणीवर एक पुस्तक लिहिले व २०१९ मध्ये चार कृतींची एक पद्धत मांडली : थांबणे, साधनाचा चालक कोण ते पाहणे, त्या विषयावरील अधिक चांगला वृत्तांत शोधणे आणि विधान, अवतरण वा चित्र यांचा मूळ संदर्भापर्यंत माग काढणे. यातील ‘थांबणे’ या कृतीला विशेष महत्त्व आहे. कारण तीव्र राग, भय वा आनंद उत्पन्न करणारा मजकूर पडताळणीवाचून पुढे पाठविण्याकडे मनाचा कल असतो. क्रॅप कसोटीत प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात, येथे कृती करावयाच्या असतात, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

या पद्धतींची शाळांतून परीक्षाही झाली. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील शाळांत बारावीच्या नागरिकशास्त्राच्या वर्गांत सहा तासिका घेऊन ४९९ विद्यार्थ्यांचा अभ्यास करण्यात आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, या तासिका मिळालेल्या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा लक्षणीय प्रगती केली. इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये आणि न्यू जर्सी व कॅलिफोर्निया यांनी २०२३ मध्ये शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश करण्याविषयी कायदे केले. फिनलंडने त्याआधीच, २०१४ च्या व २०१६ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात, ‘बहुसाक्षरता’ हे सर्व विषयांतून जोपासावयाचे कौशल्य म्हणून स्वीकारले होते. त्यामुळे संख्याशास्त्रातील फसवे आलेख गणिताच्या तासाला आणि प्रचारचित्रे कलेच्या तासाला चर्चिली जाऊ शकतात.

भारतातील स्थिती : भारतातील बहुसंख्य नव्या वाचकांनी महाजालात प्रवेश केला तो संगणकावरून नव्हे, तर भ्रमणध्वनीवरून. २०१६ नंतर ही सेवा स्वस्त झाल्याने हा प्रसार अधिकच वेगवान झाला. त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचते ती पुष्कळदा संकेतस्थळाच्या रूपात नव्हे, तर नातेवाईक वा मित्र यांनी पुढे पाठविलेल्या संदेशाच्या रूपात. अशा संदेशाला पत्ता नसतो, लेखक नसतो. पाठविणाऱ्याविषयीचा जिव्हाळा हीच त्याची पत असते. त्यामुळे कसोट्यांची जुनी यादी येथे लावताच येत नाही.

हे अज्ञान किती महाग पडू शकते, याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या वर्षी अनेक राज्यांत पसरल्या. त्या काळी देशभर फिरत असलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरून आलेली माणसे रस्त्यावरील मूल उचलून नेताना दिसत होती. ती मूळची कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फीत होती. तिच्या अखेरीस ती माणसे मूल परत आणून सोडतात व संदेशाचा फलक दाखवितात. तेवढा भाग कापून उरलेली फीत सत्य घटना म्हणून पाठविली जात होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर बंधन घालण्याची घोषणा केली.

केरळमध्ये कण्णूर जिल्ह्याच्या प्रशासनाने २०१८ च्या सुमारास ‘सत्यमेव जयते’ या नावाने सरकारी शाळांतून खोटी माहिती ओळखण्याचे वर्ग सुरू केले. लसीकरणाविरुद्धच्या अफवांचा अनुभव त्यामागे होता. बिहारमधील दोन प्रयोग या विषयाच्या मर्यादा व शक्यता दोन्ही दाखवितात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन या संशोधिकेने गया येथे १,२२४ प्रौढांवर प्रयोग केला. सु. एक तासाच्या प्रत्यक्ष शिकवणीने त्यांची पारख सरासरीने सुधारली नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. त्यानंतर तिने व तिच्या सहकाऱ्यांनी राज्यशासनाच्या सहकार्याने सु. १३,५०० शालेय विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण ग्रंथालयांतून अनेक आठवडे चालणारे वर्ग घेतले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांची पारख स्पष्टपणे सुधारली व काही महिन्यांनंतरही ती टिकून राहिली. एक तासाचे व्याख्यान पुरेसे नाही. वय कोवळे असताना, विश्वासातल्या जागी व पुनःपुन्हा दिलेले शिक्षण रुजते, असा याचा आशय घेता येतो.

आक्षेप व मर्यादा : या शिक्षणावर तीन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला, अतिसंशयाचा. अमेरिकी अभ्यासक डॅना बॉइड हिने २०१७ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला, की ‘कोणावरही विसंबू नका, स्वतः शोधा’ हा उपदेशच उलट फळ देत नाही काय? लसीविरोधी वा वंशद्वेष्टे गट नेमकी हीच भाषा वापरतात. सर्वच खोटे मानणारा विद्यार्थी व सर्वच खरे मानणारा विद्यार्थी हे दोघेही पारख करण्याच्या श्रमातून सुटका करून घेत असतात. म्हणून चांगल्या साधनांवर विश्वास ठेवण्यास शिकविणे, हे वाईट साधने ओळखण्याइतकेच आवश्यक आहे. दुसरा आक्षेप जबाबदारीविषयी आहे. मजकुराच्या प्रसारातून नफा मिळविणाऱ्या कंपन्यांचे उत्तरदायित्व मुलांच्या खांद्यावर टाकणे न्याय्य नाही. शिक्षण हा नियमनास पर्याय होऊ शकत नाही. तिसरा, भाषेचा. आडवे वाचन फलदायी होण्यास विषयावरील अन्य स्वतंत्र व भरवशाची पृष्ठे त्या भाषेत उपलब्ध असावी लागतात. इंग्रजीत ती विपुल आहेत. मराठीसारख्या भाषेत अनेक विषयांवर एकच मजकूर दहा ठिकाणी नकललेला सापडतो आणि दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. मराठीतील विश्वसनीय ज्ञानसाधने महाजालावर आणणे, हा या शिक्षणाचाच एक भाग ठरतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून यंत्राने रचलेला मजकूर व चित्रे यांचा महाजालावर सुळसुळाट झाला आहे. असा मजकूर शुद्ध, सुबक व आत्मविश्वासपूर्ण असतो आणि त्यात प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे हवालेही असतात. भाषेच्या गबाळेपणावरून फसवणूक ओळखण्याचा उरलासुरला मार्गही त्यामुळे बंद झाला आहे. मजकूर कसा दिसतो यापेक्षा त्याच्यामागे कोण उभे आहे व इतर स्वतंत्र साधने त्यास दुजोरा देतात काय, हे पाहण्याची रीत मात्र त्यामुळे बाद झालेली नाही. उलट तिचे महत्त्व वाढले आहे. साधने बदलली, तरी विद्यार्थ्याने विचारावयाचा मूळ प्रश्न व्हाल्लाच्या काळी होता तोच आहे : हे कोण सांगत आहे, आणि त्याला ते कसे कळले?